विसाव्या कागदाची जबानी

थोरल्याने तीन सांगितलं होतं. मग झडप का उघडली?

एवढा एकच प्रश्न मी जन्मभर विचारत आलो आणि कुणी मला त्याचं उत्तर दिलं नाही. थोरला म्हणजे माझा सगळ्यांत मोठा भाऊ. सांडपाण्याच्या टाकीत बुडाला, तिथल्या तिथे लालसर नारिंगी झाला, तीन हा आकडा जेवढा स्पष्ट सांगता येतो तेवढा त्याने सांगितला. ज्या हाताने त्याला बुडवलं त्याच हाताने त्याला गटारात भिरकावलं आणि झडप फिरवली. तो हात कुणाचा तेही सांगेन. पण घाई केली की माझी गडबड होते, म्हणून आधी ओळख.

मी सामू मोजायचा कागद बोलतोय. पुस्तकात सामू म्हणतात, कारखान्यात सगळे पीएच म्हणतात. करंगळीएवढा लांब, तिच्याहून अरुंद, रंगाने पिवळसर. आम्हा वीस जणांची एक छोटी वही असते, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, एका टोकाला पिन मारलेली. जो वर असतो तो आधी फाटतो. मी विसावा, म्हणजे तळाचा, सगळ्यांत धाकटा. माझं शिक्षण बेताचंच. एक ते चौदा एवढे आकडे मला येतात. त्यापुढे वीसपर्यंत मोजायला शिकलो ते भावंडं किती उरली हे बघायला.

आमचा जन्म बुडूनच होतो. साधा गाळणकागद चार-पाच रंगांच्या पाण्यात बुडवायचा, सावलीत वाळवायचा, कापायचा. ते रंग आमच्या अंगात गप्प बसून असतात. आम्लात गेलो की लालीकडे जातात, आम्लाच्या उलट जे असतं, ज्याला पुस्तकात आम्लारी म्हणतात, त्यात गेलो की निळ्या-जांभळ्याकडे. वहीच्या पुठ्ठ्यावर तक्ता छापलेला असतो. एकाला लाल, चाराला नारिंगी, सहाला पिवळा, साताला हिरवट, नवाला निळसर हिरवा, बाराच्या पुढे गर्द जांभळा. रंग तक्त्याशी लावून बघितला की माणसाला आकडा कळतो. आम्ही एकदाच बोलतो. एकदा बोललो की संपलो.

एका खोक्यात अशा दहा वह्या, आणि ते खोकं एका शेडमध्ये आलं. लोखंडी बोल्ट आणि कड्या धुऊन त्यांच्यावर जस्ताचा मुलामा चढवायची ती शेड. आत ओळीने टाक्या. पहिलीत कॉस्टिक, म्हणजे पुस्तकातली जहाल आम्लारी, ते तेलकटपणा काढतं. मग पाणी. मग ॲसिडची टाकी, ती गंज खाते. पुन्हा पाणी. शेवटी जस्त. या सगळ्यांचं उरलंसुरलं भिंतीपलीकडच्या सांडपाण्याच्या टाकीत जमायचं. तिथे ॲसिडचं पाणी जास्त झालं तर कॉस्टिक ओतायचं, कॉस्टिकचं जास्त झालं तर ॲसिड, आणि कागदावर सातच्या आसपास आलं की झडप उघडून बाहेरच्या गटारात सोडायचं. कागद म्हणजे आम्ही.

टाक्या सांभाळणाऱ्याला सगळे काका म्हणत. तीस वर्षं याच कामात. हाताच्या बोटांना रंग राहिला नव्हता आणि शर्टाला भोकं होती. वाफेचा वास घेऊन ते ॲसिड किती उतरलं ते सांगत, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगत. त्यांचं एक वाक्य शेडमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. "ॲसिडला कॉस्टिक मारतं. एवढं कळलं की टाकीवाल्याला आणखी काही कळायची गरज नाही."

त्यांची मुलगी सहा महिन्यांपूर्वी तिथेच कामाला लागली होती. बोल्ट जाळीत भरायचे, जाळी साखळीला अडकवायची, एका टाकीतून दुसरीत न्यायची. पंचविशी ओलांडलेली बाई, पण बापाने सगळ्यांदेखत चिंगी म्हणून हाक मारल्यामुळे शेडभर चिंगीच झाली. आणि तिसऱ्या होत्या प्रयोगशाळेतल्या ताई. प्रयोगशाळा म्हणजे कोपऱ्यातली काचेची खोली, एक टेबल, एक तराजू आणि पांढरा कोट. आम्ही त्या कोटाच्या खिशात राहायचो.

खिशात होतो म्हणून वाचलो. बाकीच्या नऊ वह्या कपाटात दमट होतात म्हणून काकांनी खोकं उचलून ॲसिडच्या टाकीवरच्या फळीवर ठेवलं. चांगल्या मनाने ठेवलं. आठ दिवसांत वाफेने सगळ्यांच्या कडा लाल झाल्या. ताईंच्या हिशेबाने एकशेऐंशी चुलतभाऊ, कुणी त्यांना काही विचारलंही नाही आणि उत्तर देऊन बसले. ताईंनी खोकं उघडलं आणि एकेक वही काढून उलटून बघितली.

"काका, ही फळी कुणी सुचवली?"

"कोरडी आहे की. हात लावून बघा."

"कोरडी आहे, पण खालून ॲसिड श्वास सोडतंय."

"तीस वर्षं मीही तोच श्वास घेतोय. मला कुठे काय झालंय?"

चिंगी मागून म्हणाली, "बाबा, तुम्हीही थोडे लालच झालात. आरशात बघत नाही तुम्ही."

ताईंनी नवं खोकं मागवलं. ते यायला वेळ होता. तोवर शेडमध्ये आमची एकच वही.

आता थोरल्याचं. ताई लवकर घरी जाणार होत्या, जाताना वही काकांकडे देऊन गेल्या. सांडपाण्याची टाकी काठोकाठ भरली होती. काकांनी थोरल्याला फाडलं, बुडवलं, तक्त्याशी धरलं. तीन. म्हणजे अजून कॉस्टिकचे चार-पाच डबे ओतायचे, ढवळायचं, पुन्हा कागद लावायचा, अर्ध्या तासाचं काम. पाळी संपायला दहा मिनिटं होती. काकांनी पाण्याचा वास घेतला, "उतरलंय," असं स्वतःशीच म्हणाले, आणि पुढचं मी सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी गटाराच्या सिमेंटला फेस आला होता आणि काठ कुरतडल्यासारखा दिसत होता. ताईंनी विचारलं, "काल कागद लावला होता ना?"

"लावला होता की."

"किती आला?"

"बरोबर आला," काका म्हणाले.

मी खिशात होतो, एकोणीस भावांमधला सगळ्यांत खालचा. ओरडावंसं वाटलं. कागदाला ओरडता येत नाही, त्याला फक्त रंग बदलता येतो, आणि कोरड्यात तोही बदलता येत नाही.

त्यानंतर एकेक जण गेला. काही कामाने गेले. चौथा कॉस्टिकच्या टाकीत जांभळा होऊन गेला. पाचवा धुण्याच्या पाण्यात, त्याला साधं सात मिळालं, त्याचा मला हेवा वाटायचा. सातव्याला चिंगीने स्वतःच्या चहात बुडवलं आणि चहा ॲसिड निघाला म्हणून दिवसभर हसत राहिली. नववा गेला तो काकांच्या जिभेवर.

"बाबा, जीभ काढा. तुमचं बोलणं एवढं आंबट कसं ते तपासायचंय."

"अगं, कामाचा कागद आहे तो."

"कामाचंच करतेय. काढा."

काकांनी जीभ काढली. नववा जेमतेम पिवळा झाला, साडेसहाच्या आसपास. चिंगी कागद उजेडाकडे धरून म्हणाली, "जीभ निर्दोष आहे. म्हणजे खोट डोक्यात आहे." काकांनी तिच्या पाठीत हलकेच चापट मारली. नवव्याला मी कधी विचारू शकलो नाही, पण मला वाटतं तो वाया गेला नाही.

चिंगीला शिकायची हौस होती. जेवणाच्या सुट्टीत ती काचेच्या खोलीत येऊन बसायची आणि ताई तिला सांगायच्या. मीही ऐकायचो, जेवढं कळलं तेवढं सांगतो. ॲसिड पाण्यात पडलं की हायड्रोजनचे भारलेले कण मोकळे सोडतं. ते जितके जास्त, तितकं ते तिखट आणि तितका आमच्यावरचा आकडा लहान. कॉस्टिक सोडतं दुसऱ्या जातीचे कण. दोन्ही जातीचे कण भेटले की एकमेकांना धरतात आणि त्यांचं साधं पाणी होतं. खाली उरतं ते मीठ.

"म्हणजे भांडण मिटलं," चिंगी म्हणाली.

काका दारात उभे होते, डब्याचं झाकण लावत. "हेच तर मी तीस वर्षं सांगतोय," ते म्हणाले, आणि निघून गेले.

ते निघून गेले नसते तर बरं झालं असतं. कारण ताईंनी त्यानंतर काचेच्या एका पेल्यात थोडं ॲसिड घेतलं आणि त्यात कॉस्टिक ओतलं आणि चिंगीला म्हणाल्या, "बाहेरून बोट लाव." चिंगीने बोट लावलं आणि झटकन काढलं.

"भाजतंय."

"मिटताना एवढी आग निघते. टाकीत ती कळत नाही, टाकीत पाणी खूप असतं, उष्णता त्यात हरवते. आणि दुसरं, हिशेबाने टाकलं तरच मिटतं. जास्त टाकलंस तर ॲसिड जातं आणि त्याच्या जागी कॉस्टिक बसतं. कॉस्टिक तर ॲसिडपेक्षा वाईट. ॲसिड कातडी जाळून थांबतं, हे आत शिरत जातं."

अजून एक त्यांनी सांगितलं होतं. तक्त्यावरची घरं जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसतात, पण तशी नसतात. एक घर म्हणजे दहा पट. पाच हे सहापेक्षा दहा पट ॲसिड, चार हे शंभर पट.

चिंगी लगेच म्हणाली, "म्हणजे बाबांचा राग. काल सहा होता, आज चार आहे."

"म्हणजे शंभर पट चिडलेत. काय केलंस तू?"

"भाजीत मीठ विसरले."

ज्या दुपारी ते घडलं त्या दुपारी वहीत दोघेच उरलो होतो. एकोणिसावा आणि मी. मी त्याच्या पाठचा भाऊ, आणि खरोखरच त्याच्या पाठीला पाठ लावून राहिलेला. बाकीचे अठरा गेल्यावर वही इतकी हलकी झाली होती की ताई चालताना आम्ही खिशात हिंदकळायचो. तो मला म्हणायचा, आधी मी जाईन, तू घाबरू नकोस. मी म्हणायचो, मला भीती नाही, मला कंटाळा आलाय, मला जायचंय. मी असाच आहे. तो हसायचा.

चिंगीने डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला होता. वाफेने त्याच्या काचा धुरकट व्हायच्या आणि जाळीची कडी दिसायची नाही. ती ॲसिडमधून जाळी वर घेत होती. कडीतून साखळीचा हूक निसटला, जाळी एका बाजूने टाकीत आपटली आणि शिंतोडे उडाले. ते तिच्या उजव्या डोळ्यात गेले.

ती ओरडली. पाण्याचा नळ शेडच्या पलीकडच्या भिंतीला, वीस-बावीस पावलांवर. काका मात्र हाताच्या अंतरावर होते. त्यांच्या हातात प्लास्टिकचा जग होता आणि जगात कॉस्टिकच्या टाकीतलं पाणी. तीस वर्षं ज्या हाताने ॲसिडला मारलं तो हात आपोआप उठला. त्यांनी तिचं डोकं मागे धरलं आणि अख्खा जग तिच्या डोळ्यावर ओतला.

पहिल्या ओरडण्यापेक्षा दुसरं वेगळं होतं. ते ऐकून ताई खोलीतून धावत आल्या.

"काय टाकलंत?"

"मारलं," काका म्हणाले. "ॲसिडला मारलं मी. शांत होईल आता."

"काय टाकलंत काका?"

त्यांनी जग पुढे केला. ताईंनी जगाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की काकांनी जग खाली ठेवला, अगदी हळू, जसा काही तो फुटणारा होता.

पुढचं भराभर झालं. दोघांनी तिला उचलून नळाशी नेलं, बाकावर आडवं केलं. ताईंनी रबरी नळी लावली, पाणी बारीक केलं, दोन बोटांनी पापण्या ताणून धरल्या आणि नाकाकडून बाहेरच्या बाजूला धार सोडली. चिंगी पाय आपटत होती. काकांनी तिचे पाय धरले. ताईंनी एका हाताने फोन कानाशी लावून दवाखान्यात विचारलं. पलीकडच्या डॉक्टरबाईंचा आवाज खिशातल्या मला ऐकू आला. आधी धुवा, खूप धुवा, कागद असेल तर खालच्या पापणीच्या आत लावून बघा, सात येईपर्यंत तिथून हलवू नका. इथे यायला पाऊण तास लागतो, तेवढ्यात ते आत शिरत जाईल.

टेंपोवाला माल न्यायला आला होता. त्याने टेंपो फिरवून दाराशी लावला. "चला, मी वीस मिनिटांत पोचवतो. सिग्नल बघत नाही आज."

"अजून नाही," ताई म्हणाल्या.

पंधरा मिनिटं झाल्यावर त्यांनी पाणी थांबवलं, थोडं थांबल्या, आणि खिशात हात घातला. एकोणिसावा पिनेपासून सुटला तेव्हा माझ्या पाठीला पहिल्यांदा वारा लागला. ताईंनी त्याचं टोक तिच्या खालच्या पापणीच्या आत टेकवलं.

तो जांभळा झाला. वांग्यासारखा गर्द. तेराच्या घरात. पंधरा मिनिटं पाणी ओतूनही तेरा.

ताईंनी पुन्हा नळी धरली. एकोणिसावा त्यांच्या हातातून निसटून पाण्याबरोबर मोरीकडे गेला, जाळीला अडकला, पुन्हा सुटला. मी खिशाच्या तोंडातून त्याला जाताना पाहिलं आणि मला तो ओळखू आला नाही. एवढा जांभळा माझा भाऊ नव्हता. अजूनही मला त्याचा तो रंग आठवतो आणि मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटतो, पण धरायला हातही नाहीत आणि कुणाचा धरायचा तेही कळत नाही. काकांचा म्हणावा, तर काका तिथे मुलीच्या पायाशी गुडघ्यावर बसून पाण्यात भिजत होते.

"मीच केलं," ते म्हणत होते. "चिंगे, मीच केलं गं."

"बाबा, गप्प बसा," चिंगी म्हणाली. दातावर दात होते तिचे. "पाय सोडा, मुंग्या आल्यात."

पाणी चाललं होतं. माझ्या अंगाची तगमग होत होती. मला आत्ताच्या आत्ता जायचं होतं. एकोणिसाव्याच्या मागोमाग, त्याच पाण्यात, त्याच मोरीत. ताईंनी दोनदा खिशात हात घातला आणि दोनदा मला अंगठ्याने दाबून तसंच ठेवलं.

"एकच उरलाय," त्या काकांना म्हणाल्या. "हा घाईत घालवायचा नाही."

माझी पाळी आली ते शेवटी सांगतो. त्याआधी, आता मी कुठे आहे आणि पुढे काय झालं तेवढं सांगून टाकतो, नाहीतर ते राहून जाईल.

मी आता ताईंच्या नोंदवहीत आहे. चिकटपट्टीखाली. शेजारी तारीख आणि वेळ लिहिली आहे. माझा रंग उडत चालला आहे, आता मला बघून कुणाला आकडा सांगता येणार नाही. पण वेळेशेजारी शाईने आकडा लिहिलेला आहे, त्यामुळे चिंता नाही.

चिंगी महिन्याभराने एकदा आली होती. काळा चष्मा लावून, काकांच्या कोपराला धरून. त्या डोळ्याने तिला खिडकीचा उजेड दिसतो, समोर धरलेली बोटं मोजता येतात, चेहरा ओळखता येत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या आहेत की डोळा जिवंत आहे, पुढे शस्त्रक्रिया करून बघू. ती टेबलाशी बसली आणि म्हणाली, "ताई, शिकवायचं बंद करू नका. एका डोळ्याने पण ऐकू येतं." ताई हसल्या आणि मग तोंड फिरवून तराजू पुसत बसल्या.

काका आता टाक्यांजवळ जात नाहीत. मालकाने त्यांना माल मोजायला बसवलं आहे. जाण्याआधी त्यांनी ताईंना एकच विचारलं. "आधीच पाणी ओतलं असतं तर?"

ताईंनी नोंदवही मिटली. काका गेले. त्या दिवसापासून त्यांच्यावरचा माझा राग कुठे ठेवायचा ते मला समजत नाही. थोरल्याचा प्रश्न मी अजून विचारतोच. पण तो विचारताना मला आता जग खाली ठेवणारा त्यांचा हात दिसतो.

तुमच्यापैकी कुणी अशा शेडमध्ये असाल, किंवा घरात मोरी साफ करायची बाटली असेल, तर या अडाण्याचं एवढं ऐका. टाकीचा नियम अंगाला लावू नका. ॲसिड पडलं तर कॉस्टिक नको, कॉस्टिक पडलं तर लिंबू नको. पाणी. साधं, पुष्कळ, कंटाळा येईपर्यंत आणि कंटाळ्यानंतरही. कोण कुणाला मारतं ते काचेच्या पेल्यात बघा. माणसाच्या अंगात ते भांडण लावायला जागा नसते. माझे एकोणीस भाऊ आणि नऊ वह्यांमधले चुलतभाऊ गेले ते एवढं तरी कुणाला कळावं म्हणून गेले, असं मी मानतो. तसं मानलं नाही तर मला राहवत नाही.

आता माझं.

भिंतीवरच्या घड्याळात चाळीस मिनिटं होऊन गेली होती. काकांनी ताईंकडून नळी घेतली होती आणि ताई फक्त पापण्या धरून होत्या. टेंपोवाला दारात येरझाऱ्या घालत होता. ताई म्हणाल्या, "थांबवा." पाणी थांबलं. त्या मनात मोजत होत्या, ओठ हलत होते. मग त्यांनी मला फाडलं. पुठ्ठा एकटाच राहिला.

पापणीच्या आत ऊब होती. आणि ओल. मी आजवर एवढ्या नरम जागी कधी टेकलो नव्हतो. त्या क्षणी मला दिसत होतं की सगळ्यांना काय हवंय. काकांना सात हवं होतं. टेंपोवाल्याला सात हवं होतं, ताईंच्या दमलेल्या बोटांनाही सातच हवं होतं. मला स्वतःला सात व्हायचं होतं, साधा हिरवट कागद, पाचव्यासारखा, म्हणजे मग सगळं मिटलं, गाडी निघाली. मी थोडा थोडा हिरवा होऊ लागलो आणि मला वाटलं, जमतंय. मग त्या हिरव्यात निळा मिसळत गेला. मी नाही म्हणालो तरी मिसळत गेला.

ताईंनी मला पुठ्ठ्याशी धरलं. "नऊ."

"नऊ म्हणजे आलंच की," टेंपोवाला म्हणाला. "तेरावरून नवावर आलंय. दोनच घरं राहिली. चला, तिथे डॉक्टर बघतील."

ताईंनी मला पुन्हा तक्त्याशी लावून पाहिलं. काका नळी हातात धरून उभे, एकदा दाराकडे बघत, एकदा मुलीकडे.

बाकावरून चिंगी म्हणाली, "बाबा, दोन घरं म्हणजे शंभर पट."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. वास घेतला नाही, बोट लावून पाहिलं नाही. ते टेंपोवाल्याला म्हणाले, "तू गाडी बंद कर," आणि त्यांनी पाणी सोडलं.

ताईंनी मला बाकाच्या कोरड्या कडेवर, काकांच्या नजरेसमोर ठेवलं. आणखी अर्धा तास धार चालू होती. आता कागद उरला नव्हता, विचारायला कुणी उरलं नव्हतं. काकांचे हात भरून यायचे, ते नळाकडे बघायचे, आणि मग माझ्याकडे. वारा लागला की आमचे रंग फिके पडतात. मी माझा पडू दिला नाही. ते जितक्या वेळा माझ्याकडे वळले तितक्या वेळा मी त्यांना नऊ दाखवलं.